रस्त्याची वाटणी

गावाकडे भावाभावांत जमिनीची वाटणी होते, तेव्हा घोडे कुठे अडते हे मी तुम्हाला सांगायला नको. शेताचे तुकडे पडतात, विहिरीच्या पाण्याचे दिवस ठरतात, बैल आणि औतेसुद्धा वाटली जातात. अडते ते वाटेपाशी. मागच्याला आपल्या शेतात जायचे तर पुढच्याच्या शेतातून वहिवाट हवी. ती द्यायची की नाही, दिली तर बैलगाडीची की नुसती पायवाट, यावरून सख्खे भाऊ दोन दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. सरकारलाही हे ठाऊक आहे. १९०६ सालचा मामलेदार कोर्टाचा कायदा आजही चालू आहे, आणि कुणी वहिवाटीवर काट्या टाकल्या किंवा चर खणला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. वाट अडवणे हा अन्याय आहे, हे खेड्यातल्या पोरालाही समजते.

आज मला बोलायचे आहे ते शहरातल्या रस्त्याविषयी. तुम्ही म्हणाल, शहरातल्या रस्त्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, मुलाच्या कॉलेजातल्या प्रवेशासाठी, मार्केट यार्डात माल पोचवण्यासाठी तुम्ही पुण्याला येताच. स्वारगेटला एस.टी.तून खाली पाय ठेवला की पहिला प्रश्न उभा राहतो, तो दवाखान्याचाही नव्हे आणि कोर्टाचाही नव्हे. हा समोरचा रस्ता ओलांडायचा कसा, हा तो प्रश्न! मोटारी, बस, रिक्षा, स्कूटरी, मधूनच एखादी हातगाडी, कडेकडेने जीव मुठीत धरून चाललेला सायकलवाला. आणि या सगळ्यांत पिशवी सावरीत, पदराचे टोक धरून उभी असलेली आपली आई. पायरीवर उभे राहावे तर तिथे कुणी गाडी लावून ठेवलेली. शेतातली वहिवाट अडली तर तहसीलदार आहे. इथे कुणाकडे जायचे?

हा गोंधळ शहराच्या कपाळी पहिल्यापासून लिहिलेला होता असे समजू नका. एके काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. सकाळी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे, पुढे पिंपरीचे कारखाने निघाल्यावर तिकडे, कामगारांच्या सायकलींची रांग लागे. कॉलेजचे प्राध्यापक सायकलवर, विद्यार्थी सायकलवर, दूधवाला कॅन अडकवून सायकलवर, भिक्षुकही धोतराचा सोगा खोचून सायकलवर. घरची सायकल नसेल तर तासाच्या भाड्याने मिळे. सायकलीला नगरपालिकेचा कर असे आणि तो भरला की बिल्ला मिळे. तो सायकलीला लावलेला नसला तर दंड. रात्री दिवा नसला तर दंड. डबलसीट बसले तर दंड. पोलीस कोपऱ्यावर दिसला की मागचा टुणकन उतरून साळसूदपणे चालू लागे आणि पुढच्या वळणावर पुन्हा कॅरिअरवर बसे. त्या काळच्या पुणेकरांना विचारा, हे सांगताना अजून त्यांच्या चेहऱ्यावर हसू येते.

पण गमतीचा भाग सोडून द्या. त्या वेळी रस्ता सर्वांना पुरत होता, तो का पुरत होता? रस्ते काही आजच्यापेक्षा रुंद नव्हते. उलट अरुंद होते. माणसे त्या वेळी फार सज्जन होती असेही मला वाटत नाही. शिवीगाळ तेव्हाही होत असे. खरे कारण वेगाचे. चालणारा ताशी पाच किलोमीटर जातो, सायकल पंधरा, टांगाही साधारण तेवढाच. एकमेकांकडे पाहून, हात दाखवून, घंटी वाजवून भागत असे. टक्कर झाली तरी गुडघे फुटत, धोतर फाटत, फार तर चाकाला आठ येई. मग १९६० नंतर स्कूटर आली. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १९७२ साली पुण्यातूनच लूना निघाली. सायकलवाल्याला पायडल मारण्याचे कष्ट वाचले, आणि त्यात वाईट काही नव्हते; शहर कोथरूडपासून हडपसरपर्यंत पसरले, रोज पंधरा-वीस किलोमीटर पायांनी रेटणाऱ्याला कुणी नावे ठेवावी? पुढे मोटारी आल्या. २०१८ च्या सुमारास तर पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येपेक्षा वर गेली. माणसे कमी आणि गाड्या जास्त, असा हा संसार झाला.

इथे शिक्षक मित्रांनी पाटीवर थोडे गणित मांडावे, ही विनंती. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २७ फूट जाते, ६० ने जाणारी सुमारे ५५ फूट. पुढे मूल आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. ब्रेक दाबल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर पहिली मोटार आणखी पंधरा-सोळा फुटांत थांबते, दुसरीला पासष्टएक फूट लागतात. बेरीज करा: एक ४३ फुटांवर थांबली, दुसरी १२० फुटांवर. वेग दुप्पट, पण थांबायला जागा लागली जवळजवळ तिप्पट. आणि धक्क्याचा जोर तर चौपट. मुलांना हे असे सांगा, म्हणजे ती विसरणार नाहीत: ताशी ३० च्या वेगाचा धक्का म्हणजे सुमारे बारा फुटांवरून, घराच्या माळवदावरून खाली पडल्यासारखा. ताशी ६० च्या वेगाचा धक्का म्हणजे पंचेचाळीस फूट खोल कोरड्या विहिरीत पडल्यासारखा. माळवदावरून पडलेला माणूस पुष्कळदा हातपाय मोडून का होईना, घरी परत येतो. विहिरीत पडलेल्याचे काय होते ते तुम्ही जाणता.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असा सरकारी आकडा आहे. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज नव्वदएक. दुचाकीवरची ७४,८९७. पायी आणि दुचाकीवरची ही माणसे एकत्र धरली तर निम्म्याहून पुष्कळ जास्त होतात. ज्यांच्याभोवती लोखंडाची पेटी नाही, त्यांच्यावरच हा घाला पडतो.

आता मोटारवाल्यांचे एक म्हणणे नेहमी ऐकू येते, त्याचा विचार करू. ते म्हणतात, “आम्ही रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो, रस्ता आमच्या पैशाचा. हे फुकटे सायकलवाले आणि चालणारे मध्ये का येतात?” वरवर पाहता बरोबर वाटते. पण शहरातले बहुतेक रस्ते महानगरपालिका बांधते आणि सांभाळते. तिच्या तिजोरीत घरपट्टी येते, सरकारी अनुदान येते. आणि सरकारकडे तरी पैसा कुठून येतो? साबणाची वडी घेणारी मोलकरीणसुद्धा कर भरतेच. शिवाय सायकलवाल्याने तर एके काळी बिल्ल्याचा पैसाही मोजला होता, त्या वेळी रस्ता त्याच्या मालकीचा झाला असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. खरे सांगायचे तर करावरून वाटणी करायचीच नसते. गावच्या पाणवठ्यावर जास्त शेतसारा भरणाऱ्याची घागर आधी, असा नियम कुठे ऐकला आहे का?

मग वाटणी कशावरून करायची? याचे उत्तर पाटाच्या पाण्यात आहे असे मला वाटते. ज्यांची शेते कालव्यावर आहेत त्यांना हे चटकन कळेल. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याला पाणी आयते मिळते. तो मनात आणील तर रात्रभर बारे फोडून ऊस भिजवील, आणि शेपटाकडचा गडी फावडे घेऊन कोरड्या चारीत बसून राहील. म्हणून पाळी असते, पाटकरी असतो. बळकटाला आपोआप मिळतेच. नियम करायचे ते शेपटाकडच्याला मिळावे म्हणून. रस्त्यावरही तोंडाशी बसला आहे तो जड आणि वेगवान गाडीवाला. त्याला वाट आपोआप मिळते, कारण समोरचा जिवाच्या भीतीने बाजूला होतो. शेपटाला आहे तो चालणारा.

चौकातला सिग्नल म्हणजे तरी काय? तीही पाळीच. उत्तरेकडच्यांना इतके सेकंद, पूर्वेकडच्यांना इतके. पण पुष्कळ चौकांत चालणाऱ्याची पाळी धरलेलीच नसते, किंवा धरली तरी हातचे राखून. सिग्नल बसवताना माणूस एका सेकंदाला सुमारे चार फूट चालतो असे धरतात. पन्नास फुटांचा रस्ता म्हणजे बारा-तेरा सेकंद झाले. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा. गुडघे धरलेल्या आजीला एका सेकंदाला अडीच फूटही जड जातात, तिला वीस सेकंद हवेत. शाळेच्या पटांगणात फक्कीने पन्नास फुटांची रेघ आखा, गावातल्या एखाद्या आजोबांना बोलावून चहा पाजा, आणि घड्याळ लावून मुलांना मोजायला सांगा. बाराव्या सेकंदाला आजोबा कुठे असतात ते पाहा. ते रस्त्याच्या मध्यभागी असतात, आणि शहरात त्याच क्षणी समोरचे शंभर हॉर्न एकदम वाजतात.

तुम्ही म्हणाल, हे बोलायला ठीक आहे. एवढ्या मोठ्या शहरात चालणाऱ्यासाठी कोण थांबणार? पण श्रोतेहो, ते शहर थांबते. दरवर्षी थांबते. आषाढीच्या आधी आळंदीहून ज्ञानोबारायांची आणि देहूहून तुकोबारायांची पालखी पुण्यात येते. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. लाखो माणसे पायी येतात. त्या दिवशी पुणे काय करते? मोठमोठे रस्ते वाहनांना बंद होतात, बसचे मार्ग बदलतात, एरवी अर्ध्या मिनिटासाठी भांडणारा मोटारवाला गाडी घरी ठेवून रस्त्याच्या कडेला चहा-बिस्किटे वाटायला उभा राहतो. आणि चालणारेही कसे चालतात ते पाहण्यासारखे आहे. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. रथापुढची दिंडी कितवी, रथामागची कितवी, सगळे ठरलेले. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही. गर्दीतून कुणाला पुढे जायचे झाले तर तो धक्का देत नाही, नुसते “माउली, माउली” म्हणतो आणि वाट मिळते. वाट मागण्याचे इतके चांगले शब्द दुसऱ्या कुठल्या रहदारीत असतील असे मला वाटत नाही.

आता याच्या पुढची गोष्ट. दिंडीतल्या ज्या आजीसाठी आषाढात सगळे शहर थांबले, तीच आजी कार्तिकात डोळे दाखवायला एकटी पुण्याला येते. तिच्या डोक्यावर तुळस नाही, पुढे पताका नाही. झेब्र्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ती एक पाय पुढे टाकते आणि दोन पाय मागे घेते. कुणी थांबत नाही. कुणी कुणी तर खिडकीतून ओरडतो, “म्हातारे, मरायचंय का?” ती आजी तीच आहे आणि ओरडणाराही कदाचित चहा वाटणाराच असेल. मला याचे नेहमी नवल वाटते, आणि राग येतो म्हटले तरी चालेल.

कायदा मात्र तिच्या बाजूचा आहे. २०१७ साली केंद्र सरकारने मोटारी चालवण्याचे जे नियम केले, त्यांत स्पष्ट लिहिले आहे की चालकाने पायी चालणारे, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घ्यावी. जिथे पट्टे आहेत पण सिग्नल नाही, तिथे पहिला हक्क चालणाऱ्याचा. लायसन घेताना हे किती जणांनी वाचले असेल कोण जाणे!

परदेशाचे उदाहरण देण्याची आपल्याला फार हौस असते, पण हॉलंडचे एक देतो, कारण त्यात आपला एक गैरसमज निघून जातो. आपण समजतो की तिकडे पहिल्यापासून सगळे सायकलवर फिरतात, तो त्या लोकांचा स्वभावच आहे. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांवर माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुले. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्या चळवळीचे नाव होते. १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा रिकामा रस्ता कसा असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर वस्तीत वेग कमी करणे, सायकलींना वेगळी वाट देणे, ही कामे वर्षानुवर्षे नेटाने झाली.

पुण्यातही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. काही रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग केले. पण ते मध्येच तुटतात, कुठे त्यांच्यावर दुकानाचा माल, कुठे उभ्या गाड्या. अर्ध्या वाटेवर संपणारी पोटचारी शेताला काय पाणी देणार? २०१७ मध्ये महापालिकेने सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला, भाड्याच्या सायकलीही रस्त्यांवर आल्या आणि एक-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. जंगली महाराज रस्त्यावर मात्र पदपथ चांगला रुंद केला आहे. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसे निवांत बसलेली दिसतात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळण्याची चाल महापालिकेने घातली. एक दिवस हे फार झाले का थोडे, ते तुम्हीच ठरवा.

आता थोडे आपल्या पदरातले. चालणारा दुबळा म्हणून त्याने डोळे मिटून चालावे असे नाही. शाळेत आपण मुलांना शिकवतो, “रस्त्याच्या डाव्या बाजूने चला.” गुरुजी, हा नियम वाहनांचा आहे. पदपथ असेल तर पदपथावरून चालावेच. पण जिथे पदपथ नाही, आणि खेड्यात तो नसतोच, तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. पाठीमागून येणारा ट्रक पाठीला दिसत नाही. सायकलने मात्र डावीकडूनच जायचे. या दोहोंत घोटाळा होऊ देऊ नका.

दुसरे, मोटारवाल्यांना नावे ठेवताना आपण गावाकडे काय करतो तेही पाहावे. ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री साखर कारखान्याच्या वाटेला लागा. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पट्टीला पैसे किती पडतात? एका वेळच्या चहापाण्याइतके.

आणि पोरांच्या हाती मोटारसायकल देणे. “आमचा बाळ्या आठवीत आहे, पण गाडी काय झकास चालवतो!” असे कौतुकाने सांगणारे वडील मला ठाऊक आहेत. २०१९ च्या दुरुस्तीपासून कायदा असा आहे की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. हे पालकसभेत वाचून दाखवावे.

त्याच दुरुस्तीत एक चांगली गोष्टही आली, ती फार थोड्यांना माहीत आहे. अपघात झाला की आपण लांब उभे राहतो. “कशाला पोलिसांचं लफडं मागे लावून घ्या,” असे म्हणतो. आता तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, त्याला साक्षीदार होण्याची किंवा आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. उचला आणि दवाखान्यात पोचवा.

शेवटी मुलींच्या सायकलींविषयी. मानव विकास कार्यक्रमातून पुष्कळ तालुक्यांत आठवीच्या पुढच्या मुलींना सायकली मिळाल्या. ज्या पोरींची शाळा सुटली असती त्या आज चार-पाच किलोमीटर अंतर काटून वर्गात येऊन बसतात. पण त्यांच्या वाटेवरचा कालचा गाडीरस्ता आज मोठा डांबरी मार्ग झाला आहे, आणि शहरातला वेग त्यांच्या गावापर्यंत येऊन पोचला आहे. शाळेजवळ गतिरोधक आणि वेगाचा फलक हवा असेल तर ग्रामसभेत ठराव करून रस्त्याचे काम पाहणाऱ्या खात्याकडे पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवीत राहा. तोवर दर सोमवारी प्रार्थनेनंतर शिक्षकांनी सायकली रांगेत लावून घ्याव्यात: दोन्ही ब्रेक लागतात का, घंटी वाजते का, मागे लाल काच शाबूत आहे का, ओढणी चाकात जाणार नाही अशी जाळी आहे का. याला दहा मिनिटे पुरतात.